एहि पस्सिको : या, भिंगाला डोळा लावा

आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक यंत्र होते. काचेच्या कपाटात, हिरव्या कापडाखाली, कुलपात. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत, तेव्हा कापड निघे, धूळ झटकली जाई आणि साहेब गेले की पुन्हा कुलूप. "मोडाल, भरून कोण देणार?" हे आमच्या विज्ञानाचे पहिले आणि शेवटचे प्रात्यक्षिक. पुस्तकात कांद्याच्या पेशीची आकृती होती. ती पेन्सिलीने काढली, नावे दिली, दहापैकी आठ गुण मिळवले. पुढे कॉमर्सला गेलो, बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो. ती पेशी खरोखर कशी दिसते, हे मी पाहिले वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून.

त्याचे असे झाले. वर्षावासाच्या ग्रंथवाचनाची सांगता झाली आणि वर्गणीतून थोडी रक्कम उरली. तरुण मंडळींचे म्हणणे, जयंतीसाठी आणखी दोन साऊंड बॉक्स घेऊ. तेव्हा महिला मंडळाच्या एक मावशी उठून म्हणाल्या, "ऐकायला पुष्कळ झालं. पोरांना बघायला काही आणाल का?" बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळेचे सामान मिळते, तिथून साडेचार हजारांत एक वापरलेले पण चांगल्या स्थितीतले यंत्र आणले. त्याच दिवशी एक ठराव केला : याला कुलूप लावायचे नाही. दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की यंत्र टेबलावर ठेवायचे. येईल त्याने रांगेत उभे राहावे आणि पाहावे.

वंदनेत आपण धम्माचे गुण म्हणतो. त्यात 'एहि पस्सिको' असा शब्द येतो. लहानपणापासून तो तोंडपाठ आहे. पण त्याचा अर्थ किती जण मनावर घेतात? ये आणि पाहा. मी सांगतो म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, तू स्वतः ये आणि तपासून पाहा. वाचकहो, या एका शब्दाचा अर्थ मला त्या यंत्राने जेवढा शिकवला, तेवढा भाषणांनी शिकवला नव्हता.

मीठ, कांदा आणि कॅलेंडर

यंत्र साधे आहे. वर डोळा लावायचे भिंग दहापट मोठे दाखवते. खाली फिरणाऱ्या तीन नळ्या आहेत. चारपट, दहापट आणि चाळीसपट दाखवणाऱ्या. दोन्हींचा गुणाकार करायचा. म्हणजे वस्तू चाळीसपट, शंभरपट किंवा चारशेपट मोठी दिसते. मोजमापही समजून घ्या. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब.

पहिल्या रविवारी आम्ही स्वयंपाकघरातूनच सुरुवात केली. मिठाचे कण म्हणजे कापून ठेवलेले चौकोनी फासे. साखरेचे कण तिरक्या कडांचे, खडीसाखरेची पिल्ले. दादर चौपाटीची चैत्यभूमीजवळची चिमूटभर वाळू पाहिली. नुसत्या डोळ्यांना ती मातकट दिसते. भिंगाखाली तिच्यात शिंपल्यांचे गुलाबी-पांढरे तुकडे, काळ्या दगडाचे कण, काचेसारखे चमकणारे कण दिसले. आणि निळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडाही. तो आपल्याच कुणाच्या तरी पिशवीचा.

कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पातळ पापुद्रा काढला, काचपट्टीवर पसरला, जखमेवर लावतात त्या आयोडीनचा थेंब टाकला. एकाला एक लागून लांबट चौकोन दिसू लागले, प्रत्येकात एक गडद ठिपका. सातवीतला एक मुलगा ओरडला, "काका, ही तर आपली चाळ! सगळ्या खोल्या सारख्या, आणि प्रत्येक घरात एक माणूस!" त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण १६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात असेच कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हणजे छोटी खोली असेच नाव दिले. कान्हेरीच्या लेण्यांतील भिक्खूंच्या कोठड्या आठवा. मराठीत आपण पेशी म्हणतो. त्या खोलीतला ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीचा कारभार पाहणारा.

एका आईने मुलीच्या केसातली ऊ आणली. आणताना लाजत होती. पाहिल्यावर लाजणे विसरली. सहा पाय आणि प्रत्येक पायाच्या टोकाला आकडा, केस पकडून ठेवायला. लीख तर केसाला डिंकाने चिकटवल्यासारखी. "म्हणून मेली धुऊन जात नाही!" ती म्हणाली. अगदी खरे. लीख साबणाने जात नाही, तिला बारीक दातांची फणीच लागते.

भिंतीवर जुने कॅलेंडर होते, त्यावर बाबासाहेबांचा रंगीत फोटो. दहावीतल्या एका मुलीने त्याचा कोपरा भिंगाखाली धरला, वरून टॉर्च मारला. कोट नाही, चेहरा नाही. नुसते निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके. छापखान्यात रंगीत चित्र या चारच रंगांच्या ठिपक्यांनी तयार होते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "जवळून ठिपके, लांबून बाबासाहेब." मी त्यावर काही बोललो नाही.

धागा आणि थुंकी

लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. भोंगे बंद झाले, गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, पण आमच्या विहारात अजून गिरणीत काम केलेले म्हातारे-म्हाताऱ्या येतात. म्हणून दुसऱ्या रविवारी धागे पाहायचे ठरले. कापसाचा तंतू चपटा, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. पॉलिएस्टरचा गुळगुळीत, काचेच्या कांडीसारखा. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. माणसाच्या केसावरही असतात. एका भगिनीने वंदनेला नेसायची पांढरी साडी आणली होती. 'शुद्ध सुती' म्हणून घेतलेली. धागा सोडवून पाहिला तर निम्म्या फिती, निम्म्या कांड्या. दुकानदार नजरेला फसवू शकतो, भिंगाला नाही.

धाग्यावरून आठवले. सूक्ष्मजंतूंचे जग ज्याने उघडले, तो मोठा विद्वान नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा अँटोनी व्हॅन लिवेनहूक कापडाचा व्यापारी होता. कापडातील धागे मोजायला व्यापारी भिंग वापरत. पुढे त्याला गावच्या नगरपालिकेच्या कचेरीत नोकरी मिळाली. विद्यापीठाची पदवी नाही, विद्वानांची लॅटिन भाषा येत नाही. फावल्या वेळात तो स्वतः बारीक भिंगे घासून तयार करी. त्यातून त्याने तळ्याचे पाणी पाहिले, रक्त पाहिले, १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव सापडले. जे दिसले ते आपल्या साध्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पन्नास वर्षे तो अशी पत्रे पाठवत राहिला. माझ्यासारख्या कारकुनाला हा माणूस आपल्या टेबलाशेजारचा वाटतो.

आता गिरणीची गोष्ट. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. जन्मभर रिंग खात्यातच राहिले. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. का? कांडीवरचा धागा संपला की विणकर नवी कांडी धोट्यात घाली आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेई. म्हणजे धाग्याला थुंकी लागणार. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावायचा? १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला : कामगारांच्या हक्कांच्या यादीत आमच्या माणसाला विणाई खात्यात काम मिळण्याचा हक्क का नाही? लाल बावट्याखालीही थुंकीची जात टिकून होती.

त्या रविवारी आम्ही थुंकीच पाहिली. चार माणसे बसवली. कोकणातून आलेल्या आमच्या एक आजी, विहाराशेजारी राहणारा माझा मराठा मित्र, उत्तर प्रदेशातून आलेला इस्त्रीवाला आणि मी. प्रत्येकाने वेगळ्या दातकोरणीने गालाच्या आतली बाजू हलकेच खरवडली, चार काचपट्ट्यांवर लावली. माशांच्या टाकीत घालतात त्या मिथिलीन ब्ल्यूचा एकेक थेंब टाकला. मुलांनी पट्ट्यांची अदलाबदल केली आणि सर्वांना विचारले, "ओळखा, कोणती कुणाची?"

चारही पट्ट्यांवर फिकट निळ्या, वेड्यावाकड्या चकत्या. प्रत्येक चकतीत गडद निळा ठिपका. आजूबाजूला टिंबांएवढे तोंडातले जंतू. आजींनी चारही वेळा डोळा लावला. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "आमच्या मालकांनी याच्यापायी तीस वर्षं कमी पगार घेतला."

एका थेंबाची शुद्धी

मार्च महिन्यात महाड क्रांतिदिनाच्या आधीचा रविवार आला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो स्त्री-पुरुषांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, तिथे माणसांना मज्जाव होता. पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी पाण्याच्या १०८ घागरी काढल्या, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले, मंत्र म्हटले आणि ते सर्व तळ्यात ओतून तळे 'शुद्ध' केले.

आम्ही तीन थेंब घेतले. पहिला महापालिकेच्या नळाचा. दुसरा गॅलरीतल्या कुंडीखालच्या बशीत आठवडाभर साचलेल्या पाण्याचा. तिसरा असा की, स्वच्छ पाण्याच्या पेल्यात वाटाण्याएवढे शेण विरघळवले आणि गाळून घेतले.

पहिल्या थेंबात एखादा धुळीचा कण, बाकी काही नाही. दुसऱ्या थेंबात मुलांची झुंबड उडाली. चपलेच्या तळव्यासारखे जीव गरगर फिरत होते. कुणी अडथळ्याला धडकून मागे वळत होता, कुणाच्या तोंडाभोवती चक्र फिरल्यासारखे केस हलत होते. त्याच बशीत डासांच्या अळ्याही निघाल्या. त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या कुंड्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या. पत्रके वाटूनही जे झाले नव्हते, ते एका थेंबाने झाले. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात असतो, हे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला भिंगातूनच पाहिले होते.

तिसरा थेंब चारशेपटीवर लावला. सगळा गोल वळवळत होता. टिंबे, काड्या, सुतासारखे बारीक जीव, मोजता येईनात. सत्तरी ओलांडलेले एक काका, महाडजवळच्या खेड्यातले, पुढे आले. त्यांनी डोळा लावला. उठले, पुन्हा बसले, पुन्हा पाहिले. "म्हणजे आमच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी त्यांनी ह्यानं शुद्ध केलं?" एवढेच म्हणाले. खोलीत कुणी हसले नाही.

आता तथागतांची शिकवण पाहा. भिक्खूच्या जवळ असायच्या आठ वस्तू श्रामणेर शिबिराला बसलेल्यांना पाठ असतात : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. पाण्यात जीव असतात, ते मरू नयेत म्हणून पाणी गाळून घ्यावे, असा विनयाचा नियम. तथागतांना जंतुशास्त्र ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे पुराणात विमाने शोधणाऱ्यांच्या रांगेत बसणे. पण फरक लक्षात घ्या. एका परंपरेने पाणी पाहून विचारले, यात काय आहे? दुसरीने विचारले, याला शिवले कोण? भिंग पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देते. दुसरा प्रश्न त्याला समजतच नाही.

एक सावधगिरी मात्र सांगतो. नळाच्या थेंबात काही दिसले नाही म्हणून ते पाणी निर्धोक आहे असे समजू नका. कॉलरा-काविळीची लागण अशा डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या पाण्यातूनही होते. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या.

परळची पिसू

रॉबर्ट हूकच्या १६६५ च्या पुस्तकातले सर्वांत गाजलेले चित्र पिसूचे आहे. घडीचे मोठे पान उघडावे तेव्हा मांजराएवढी पिसू समोर येते. त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेगने हाहाकार केला. लोक त्या पिसूचे चित्र कौतुकाने पाहत होते आणि तिच्यासारखीच पिसू माणसे मारत होती, हे कुणालाच कळले नाही. ते कळायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली, आणि ते पक्के सिद्ध झाले आपल्या परळमध्ये.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला. सरकारने गटारे धुतली, घरांना चुना मारला, गरिबांचे सामान जाळले, माणसांना उचलून छावण्यांत नेले. रोग घाणेरड्या हवेतून येतो असाच तेव्हा समज. गरिबाची वस्ती हीच रोगाचे मूळ मानली गेली. अशा वेळी वाल्देमार हाफकिन हे संशोधक मुंबईत आले. ओडेसाचे यहुदी. धर्म बदलल्याशिवाय रशियात प्राध्यापकपद मिळणार नव्हते, त्यांनी तो बदलला नाही. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. भिंगाखाली हा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका, बंद केलेल्या सेफ्टी पिनसारखा दिसतो. त्याची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था.

१० जानेवारी ही तारीख लक्षात ठेवा. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीमाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगितले जाते. ज्याला शिवायला कुणी तयार नव्हते त्याला त्यांनी पाठीवर घेतले. लस दोन महिन्यांपूर्वी मुंबईत जन्मली होती. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

प्लेग उंदरावरची पिसू पसरवते, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोन या फ्रेंच डॉक्टरने सांगितले, पण त्याचे कुणी ऐकेना. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने प्रयोग केले. पिसवा पोहोचतील अशा जागी ठेवलेले गिनीपिग मेले, पिसवांपासून दूर ठेवलेले जगले. वाद मिटला. रोगाला जात नव्हती, वस्तीही नव्हती; त्याला सहा पाय होते.

याच प्लेगमुळे १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि तिने कामगारांसाठी हवा-उजेड येणाऱ्या चाळी बांधल्या. त्याच परळच्या बी.आय.टी. चाळी. त्यातल्या क्रमांक एकच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून, परदेशी शिक्षणाची वर्षे सोडून, १९३४ पर्यंत राहिले. एका जंतूमुळे उभ्या राहिलेल्या चाळीतल्या खोलीत दिव्याखाली वाचत बसलेला एक माणूस पुढे देशाची घटना लिहिणार होता. परळला गेलात तर हाफकिन संस्थेचे फाटक आणि बी.आय.टी. चाळ या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मुलांना दाखवा.

विळ्याच्या आकाराचे रक्त

रक्त आम्ही कुणाचे काढले नाही. विहारात सुया टोचणे योग्य नव्हे. तयार, रंगवलेल्या काचपट्ट्या विकत आणल्या. निरोगी रक्तातील तांबड्या पेशी मध्ये दाबलेल्या गोल पेढ्यांसारख्या दिसतात. दुसऱ्या पट्टीवर मात्र काही पेशी विळ्यासारख्या वाकड्या होत्या. हा सिकलसेल आजार. विदर्भातील आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजातही तो आढळतो. हे कुणाचे पाप नव्हे, पूर्वजन्मीचे तर नव्हेच. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकून राहिला, कारण एका बाजूने आलेला दोष मलेरियापासून थोडे संरक्षण देतो. मात्र आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो. साध्या काचपट्टीवर त्याचा दोष दिसत नाही, त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागते. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या अशा दोषांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. विदर्भातून मुंबईत आलेल्या कुटुंबांनी लग्न ठरवताना पत्रिका पाहू नये, ही तपासणी पाहावी.

वेगळा पेला

शेवटची गोष्ट आनंदाने लिहीत नाही, पण तीच लिहिण्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

एका रविवारी आमच्याच चाळीतल्या एक मावशी आल्या. त्यांनी मीठ पाहिले, ऊ पाहिली. मग हळूच विचारले, "दादा, ह्याच्यात माझा खोकला दिसेल का?" दोन पोरे हसली. मावशी हसल्या नाहीत. दोन महिने खोकत होत्या. संध्याकाळी कणकण यायची, वजन उतरले होते. मुलीचे लग्न जमत होते म्हणून घरात बोलल्या नव्हत्या.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. थुंकी तपासायला दिली. क्षय निघाला. तिथल्या तंत्रज्ञ ताईंना विनंती केली, त्यांनी दोघांनाही भिंगातून पाहू दिले. निळ्या मैदानावर तीन-चार बारीक लाल काड्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जो जंतू जगाला दाखवला, तोच. मावशी म्हणाल्या, "एवढासाच? आणि ह्याला भिऊन मी दोन महिने गप्प बसले?"

औषध मोफत सुरू झाले. पण आठ दिवसांत मला दुसरेच कळले. चाळीतल्या ज्या घरांत मावशी बसा-उठायच्या, तिथे त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवला गेला होता. एका घरी तर कपाला दोरा बांधून खूण केली होती. धम्मबांधवांनो, ही घरे आपली होती. भिंतीवर बाबासाहेब, कपाटावर बुद्धमूर्ती, आणि ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा पेला! ज्यांच्या आजोबांना चहाच्या दुकानात वेगळी फुटकी बशी मिळाली, त्यांनी तीच बशी आपल्या मावशीपुढे सरकवली.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी कुणाचे नाव न घेता बोललो. क्षयाचा जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतो आणि हवेतून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. तो पेल्यातून, ताटातून, शिवण्यातून पसरत नाही. औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याचा धोका फार कमी होतो. तेव्हा काळजी घ्यायची ती खिडकी उघडी ठेवण्याची, खोकताना तोंडावर रुमाल धरण्याची, घरातल्या सर्वांची तपासणी करून घेण्याची आणि एकही दिवस गोळी न चुकवण्याची. पेला वेगळा करून जंतू मरत नाही, माणूस मरतो.

मी खाली बसलो. महिला मंडळाच्या त्याच मावशी उठल्या, ज्यांनी बैठकीत बघायला काहीतरी आणा म्हटले होते. त्यांनी चहा मागवला, एक पेला भरून आजारी मावशींना दिला. त्या प्यायल्यावर तोच पेला धुतला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि सर्वांदेखत प्यायल्या. भाषण केले नाही.

सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण झाला. शेवटची थुंकी स्वच्छ निघाली. मुलीचे लग्न बौद्ध पद्धतीने त्याच विहारात लागले.

घरच्या घरी

सर्वांनाच यंत्र परवडेल असे नाही. स्टॅनफर्डचे शास्त्रज्ञ मनु प्रकाश यांनी २०१४ मध्ये कागदाच्या घडीचा 'फोल्डस्कोप' जगापुढे आणला. तो खिशात मावतो आणि १४० पट मोठे दाखवतो. तेही नसेल तर बारीक तारेला सुईच्या नेढ्याएवढा फासा करा, पाण्यात बुडवा. फाशात अडकलेला थेंब हेच भिंग. त्यातून वर्तमानपत्रातला फोटो पाहा, ठिपके दिसतील. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुलांना एकदा दाखवा. आणि शाळेत सूक्ष्मदर्शक कुलपात असेल तर पालक म्हणून जाऊन नम्रपणे विचारा, ते कधी उघडणार?

भिंगाच्या मर्यादाही आहेत. करोनाचा विषाणू त्यात दिसत नाही. तो मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा असतो आणि त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तेव्हा 'मला दिसले नाही म्हणजे नाहीच' असेही म्हणू नये. पण मीठ, ऊ, धागा, थुंकी, पाणी, रक्त हे सर्व पाहून झाल्यावर एक गोष्ट मी आपणास खात्रीने सांगू शकतो. आम्ही पुष्कळ शोधले, मुलांनी तर चारशेपटीवर शोधले. विटाळ कुठेही सापडला नाही.

रविवारी सकाळी वंदनेनंतर या. यंत्र टेबलावर असते. कुलूप नसते.

जयभीम!